रिकाम्या रकान्यातील जोडणी

मित्रांनो, मी जुनी आहे एवढे निश्चित. मी कोणाची, हे मात्र आजही मला धड उमगलेले नाही. युनिक्स पद्धतीच्या एका संगणकापासून दूरच्या दुसऱ्या संगणकापर्यंत गेलेली मी एक जोडणी. माझी दोन्ही टोके मला ज्ञात आहेत. परंतु आमच्या यंत्रात असंख्य प्रोग्राम एकाच वेळी वावरत असतात. त्यांतील कोणी मला धरले आहे, हे मला कसे कळावे? दोरीला हात जाणवतो. मुखदर्शन घडत नाही.

आमचे यंत्र एका रक्तपेढीच्या मागल्या खोलीत, सतत घोंघावणाऱ्या पंख्याखाली असे. “हिच्या जिवावर मी निर्धास्त असतो,” असे माझी उभारणी करणारा अभियंता म्हणे. तो नोकरी सोडून गेला आणि माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले. मधूनमधून एक लहानसा आकडा माझ्यातून पलीकडे जाई. तो कशाचा, हेही मला ठाऊक नव्हते.

पुढे नवा तंत्रज्ञ आला. सारे त्याला ‘भाऊ’ म्हणत. एका सकाळी त्याने सर्व जोडण्यांची यादी पडद्यावर मागवली. बाकीच्या त्याने स्वतः चालवलेल्या प्रोग्रामांच्या निघाल्या. माझ्यासमोर प्रोग्रामच्या नावाचा रकाना रिकामा होता, त्यात नुसती आडवी रेघ. ती पाहून मीही गोंधळले. मला खरेच कोणी नव्हते का?

“डॉक्टरबाई, ही बघा. बाहेर काहीतरी धाडतेय आणि मालकाचा पत्ता नाही. कुणीतरी चोरून घुसलंय. तोडतो हिला.”

रक्तपेढी सांभाळणाऱ्या डॉक्टर हातातल्या रक्ताच्या पिशवीसह दारात थांबल्या. “मालक नाही, की तुला दिसत नाही?”

“रेघ आहे म्हणजे नाहीच.”

“ही पिशवी कुणाला चढणार, त्याचंही नाव हिच्यावर नाही. देऊ फेकून?”

“तुमच्यापुढे कोण बोलणार,” भाऊ हसला.

“बोलू नकोस. नीट शोध.”

तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण साधा वापरकर्ता म्हणून विचारत आहोत, आणि दुसऱ्याने चालवलेल्या प्रोग्रामचे नाव यंत्र अशाला दाखवीत नाही. त्याने सर्वाधिकार घेऊन तोच प्रश्न पुन्हा केला. रेघेच्या जागी प्रोग्रामचा क्रमांक उमटला, क्रमांकाशेजारी नाव. रक्ताच्या शीतकपाटाचे तापमान पाहणारा तो प्रोग्राम होता. तापमान चढले की डॉक्टरांचा फोन वाजे, तो माझ्याच वाटेने गेलेल्या आकड्यामुळे.

भाऊ खुर्चीत मागे टेकला. “बाई, मी तुमच्या घंटेचीच तार कापत होतो.”

“आणि इकडे रक्त नासत असताना मी घरी निवांत बसले असते,” डॉक्टर म्हणाल्या, आणि पिशवी शीतकपाटात ठेवायला गेल्या.

मित्रांनो, नाव दिसत नाही एवढ्यावरून कोणाला निराधार ठरवू नका. पाहण्याचा अधिकार आपल्यापाशी आहे ना, हे आधी तपासा. माझे म्हणाल, तर मला धरणाऱ्या प्रोग्रामचे नाव आता कळले; पण मी त्याची, की त्या गेलेल्या अभियंत्याची, हा घोळ काही सुटत नाही. आत्ताच एक आकडा माझ्यातून गेला. तो कशाचा, हे आता मी जाणते. कोणासाठी, हे त्या पिशवीलाही अजून ठाऊक नाही.