दहापैकी चौथा

पाण्याची रेघ कालच्याच जागी होती. टबाच्या आतल्या अंगाला, पत्र्याच्या सांध्याखाली बोटभर... की दोन बोटं? काल संध्याकाळी एलोइसानं सांधा मुद्दाम लक्षात ठेवला होता, आणि आता नेमकं कालचं माप आठवेना. थोडं तरी प्यायला असेल. किंवा वाऱ्यानं उडालं असेल — एप्रिलातला इथला वारा माणसाच्या तोंडचंही पाणी पळवतो. ती जाळीला कपाळ टेकवून उभी राहिली. उजवा हात जाकिटाच्या खिशात, चामडी हातमोज्यात, आणि मोज्याच्या आत पट्टी.

पलीकडे पाइनच्या झाडाखाली बिशप हा लांडगा पंजांवर हनुवटी ठेवून पडला होता. समोर एल्क हरणाची तंगडी, परवापासून तशीच, माश्या बसलेली. दोन दिवस खाल्लं नाही म्हणजे काय, असं लांडग्यांच्या या आश्रमातल्या कुणी स्वयंसेवकानं विचारलं असतं तर तिनं हसून सांगितलं असतं की लांडगा आठवडाभरही उपाशी राहतो, तुमच्यासारखी त्याला न्याहारी लागत नाही. पण विचारणारी तीच होती, आणि स्वतःला असं हसून सांगता येत नव्हतं.

चौथा दिवस. कुत्रा चावला तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात. धडधाकट राहिला की सुटला. लांडग्याला इथे ही सवलत नाही. त्याला टोचलेली रेबीजची लस कायदा जमेस धरत नाही. चावल्याची नोंद झाली की लांडगा मारायचा आणि मुंडकं तपासणीला पाठवायचं. म्हणून डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण डॉक्टर नोंद करणारच. म्हणून इंजेक्शनंही नव्हती. बिशपला जे दहा दिवस कुणी दिले नसते ते तिनं परस्पर देऊन टाकले होते, स्वतःचा जीव तारण ठेवून. एकसष्टाव्या वर्षी माणसाला एवढी अक्कल असावी की नसावी...

सोमवारी ती एकटीच आत गेली. एकट्यानं आत जायचं नाही, हा नियम तिनंच फाटकावर लाल रंगात लिहिला आहे. उतारावरचा चिखल, दुखरा गुडघा, आणि ती पडली — बिशपच्या हाडाशेजारी, कुशीवर. तो आला. नेहमीसारखा तोंड चाटायला आला असं तिला वाटलं, आणि तिनं हात पुढे केला. मग दात. एकदाच, खोल. सोडून तो दोन पावलं मागे गेला आणि उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. हाच बिशप. कुणीतरी मिरवायला विकत घेतलेला, गॅरेजमध्ये साखळीवर वाढलेला, साखळी मानेत रुतलेली. ती कापून काढताना तिच्याच मांडीवर डोकं ठेवून पडला होता. सहा वर्षं झाली. आजारी असला पाहिजे. त्याशिवाय का...

आणि पर्ल, इथलीच एक लांडगी. पर्लचं नाव मनात आलं की एलोइसा काहीतरी काम काढते. आत्ता तिनं टबातली पाइनची सुई उचलली. तीन वर्षांपूर्वी इथला जुना स्वयंसेवक वेंडेल याच्या मनगटाला पर्लचा दात लागला, आणि म्हाताऱ्यानं नियमाप्रमाणे येऊन सांगितलं. आरोग्य खात्याला फोन एलोइसानं केला. शेवटची सुई टोचताना पर्लला धरलंही तिनंच. वेंडेल बाहेर ट्रकमध्ये बसून होता. त्याला तिनं सांगितलं होतं, बरोबर केलंस.

दहा वाजता शाळेची बस आली. पाचवीची तीसेक मुलं जाळीपासून हातभर दूर, दोरीमागे बसली, आणि एलोइसाचं तोंड आपोआप चालू झालं: लांडगा पाळता येत नाही, इथले सगळे माणसाच्या हौसेपायी आलेत, त्यांना आता जंगलही नाही आणि घरही नाही. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"तुम्हाला तो चावलाय का कधी?"

"सहा वर्षांत एकदाही नाही," एलोइसा म्हणाली. नेहमीचंच वाक्य, नेहमीच्याच सुरात. फक्त या वेळी बाजूला उभा असलेला वेंडेल तिच्या खिशाकडे बघत होता.

मुलांना कवटी आणि कातडी हाताळायला दिल्यावर तो जवळ आला.

"मोजा काढ."

"गारठा आहे."

"तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. पोरांनी खिशात काय दडवलंय ते खांद्यावरनं कळायचं मला. कधी चावला?"

"सोमवारी."

वेंडेलनं बिशपकडे पाहिलं, माश्या बसलेल्या तंगडीकडे पाहिलं. 

"पर्लच्या वेळी मी सांगितलं," तो म्हणाला.

"बरोबर केलंस तू."

"असं तू म्हणाली होतीस. दुपारपर्यंत तू फोन कर. नाहीतर मी करतो. तुला पुरायला मी इथे येत नाही."

तिला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. दुपारपर्यंत दोन तास. दोन तासांत लांडग्याला कुठे लपवतात?... तेवढ्यात मुलांमध्ये कुजबूज झाली. बिशप उठला होता. त्यानं अंग ताणलं, एल्कची तंगडी पंज्याखाली दाबली आणि मान तिरकी करून हाड फोडलं. आवाज दोरीपर्यंत आला. मग तो खात राहिला, भुकेल्या, निरोगी जनावरासारखा.

"खातोय," वेंडेल पुटपुटला. त्याचे डोळे भरले होते. "खातोय गं. पिसाळलेला असा खात नाही." जरा थांबून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "सहाच दिवस राहिलेत ना? मग मी मोजा पाहिलाच नाही."

वाचला. मीही वाचले. आता सुटल्यासारखं वाटायला हवं, असं एलोइसा स्वतःला सांगत होती, पण ते वाटेना. तिच्या लक्षात आलं की हे चार दिवस ती जिवाला घाबरत होती आणि तरी कुठेतरी खोल, तो आजारीच निघावा म्हणून आस लावून बसली होती — मरण आलं तरी चालेल, पण चावा आजाराचा असू दे, त्याचा नको. आता तेही गेलं. तो शुद्धीवर होता. मी पडले ते त्यानं पाहिलं, मला ओळखलं, आणि मग चावला.

खाता खाता बिशपनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मुलं टाळ्या वाजवत होती. एलोइसा एक पाऊल मागे सरली, सहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि ते त्यानंही पाहिलं.