चिंध्यांखालची पुस्तकं

लव्हॉनने शिलाईच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत जमिनीवर बसकण मारली. पलीकडे चर्चची घंटा वाजत होती. पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण आर्लिस हिचा अंत्यविधी सुरू झाला होता, आणि ही बया इथे तिच्याच घरात तिचं चिंध्यांचं खोकं उपसत होती.

गावात कुणाचा अंत्यविधी असला की मागे घर राखायला एक जण थांबतोच. पेपरात बातमी वाचून चोर नेमकी ती वेळ साधतात. पण हे काम लांबच्या शेजाऱ्यांचं, जिवाच्या मैत्रिणीचं नव्हे. लव्हॉनने ते मागून घेतलं तेव्हा आर्लिसची मुलगी कर्स्टन बघतच राहिली होती.

"मावशी, तू येणार नाहीस? तू?"

"मला नाही बघवणार गं," लव्हॉन म्हणाली होती. ते अगदीच खोटं नव्हतं.

खरं म्हणजे तिने शब्द दिला होता. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या या दोन पोक्त बायका घरी लपूनछपून व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचत. चारशे वर्षांचा फिकट, देखणा नायक, रात्री खिडकीतून येणारा, मानेवर ओठ टेकणारा. जी आधी जाईल तिची पुस्तकं दुसरीने गुपचूप हलवायची, असं ठरलं होतं.

"पोरांचं एक वेळ चालेल," आर्लिस म्हणाली होती, "पण ओरिनच्या हाती लागता कामा नयेत. तो हसणार नाही गं, नुसता बघेल. ते मला मेल्यावरसुद्धा सोसायचं नाही." ओरिन म्हणजे तिचा नवरा.

चिंध्यांच्या तळाशी बारा पुस्तकं निघाली. लव्हॉनने एक सहज उघडलं. एकशे बाराव्या पानावर नायकाचं नाव पेन्सिलने नीट खोडलेलं होतं आणि वर आर्लिसच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ओरिन. 'ओरिनने तिचा चेहरा ओंजळीत घेतला. चारशे वर्षं मी तुझीच वाट पाहिली, ओरिन म्हणाला.' पुढच्या पानावर ओरिन. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या पुस्तकात, तिसऱ्यात, सगळीकडे ओरिनच.

लव्हॉनला आधी हसू फुटलं. अगं बाई, ओरिन! सोयाबीन आणि बर्फ सोडून तिसरा विषय नसलेला ओरिन! मग हसता हसताच तिला रडू कोसळलं, आणि ते काही केल्या आवरेना.

तास-दीड तासाने ती खोकं घेऊन स्वयंपाकघरात आली तर ओरिन टेबलाशी बसलेला. अंगात काळा कोट, बूट चिखलाने भरलेले.

"तू इतक्यात कसा?"

"चर्चच्या तळघरात जेवणं चाललीत. जो तो येऊन हात दाबतोय. गोळी घ्यायचं निमित्त काढून आलो." त्याने खोक्याकडे पाहिलं. वरच्या पुस्तकावर उघड्या छातीचा तरुण होता. "हे काय?"

"माझी आहेत." लव्हॉनचे कान तापले. "तिच्याकडे ठेवायला दिली होती."

"असलं वाचतेस? या वयात?"

"वाचते."

"आर्लिसने वाचली?"

"छे! हातसुद्धा लावला नाही तिने."

"वाटलंच." तो नुसता बघत राहिला. मग नजर खाली गेली. "काल पाद्रीबाई विचारत होत्या, शेवटचं काय बोललात तिच्याशी. मी म्हटलं, रात्री बर्फ पडेल असं म्हणालो. बस, एवढंच. अठ्ठेचाळीस वर्षांत एक गोड शब्द निघाला नाही माझ्या तोंडून. तिला काय मिळालं गं माझ्याकडून? कंटाळली असेल बिचारी."

लव्हॉन खोकं कमरेवर घेऊन उभी होती. मोटार दारातच होती, चार पावलांवर. निघून गेली असती तर दिलेला शब्द पुरा झाला असता, आणि हा माणूस उरलेलं आयुष्य असाच या टेबलाशी बसला असता.

तिने खोकं खाली ठेवलं. वरचं, तिने पहिल्यांदा उघडलेलं पुस्तक काढून त्याच्यापुढे सरकवलं.

"हे राहू दे तुझ्याकडे."

"मला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आज हे वाचू?"

"एकशे बारावं पान. तेवढंच वाच."

"का?"

"वाच म्हणते ना!"

तिने खोकं उचललं आणि दार कोपराने ढकलून बाहेर पडली. भुरभुर बर्फ सुरू झालं होतं. अकरा पुस्तकं शेजारच्या सीटवर ठेवून ती स्टिअरिंगमागे बसली.

"आर्लिस, मोडला गं मी शब्द," ती मोठ्याने म्हणाली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे न बघता तिने गाडी सुरू केली.