आहेत की आहोत

ऑफिसात तिला सगळे अनुस्वार म्हणत. एक तर अंगाने टिंबाएवढी, आणि कुणी 'माणसं'वरचं टिंब खाल्लं की ही त्याच्या डोक्यावर येऊन बसलीच म्हणून समजा. मोबाइल, मशिन, दारावरची कुलपं, असल्या वस्तूंचे इंग्रजी निरोप मराठीत आणायचे, हे तिथलं काम.

घरात लावायच्या कॅमेऱ्याचं काम आलं तेव्हा ती एका शब्दावर अडून बसली. इंग्रजीत सरळ होतं. एक दिसला की 'पर्सन', एकाहून जास्त दिसले की 'पीपल'.

"व्यक्ती लिही आणि मोकळी हो," शेजारच्या टेबलावरचा चष्मिस म्हणाला.

"घरात व्यक्ती कोण म्हणतं रे? 'अगं, बाहेर एक व्यक्ती आली आहे'? असं बोलतोस तू बायकोशी?"

"सासरा आला की बोलतो."

शेवटी तिने एकासाठी लिहिलं, 'खोलीत कोणीतरी आहे.' आणि अनेकांसाठी, 'खोलीत माणसं आहेत.'

चष्मिसने वाचून कपाळाला हात लावला. "हे वाचून एखादी बाई जागच्या जागी आडवी होईल."

"होऊ दे. शुद्ध मराठी वाचून तरी होईल."

काम संपल्यावर नमुन्याचा कॅमेरा तिने घरी नेला आणि लेकीच्या, छकुलीच्या खोलीत कपाटावर बसवला. बाळंतपणाची रजा संपली होती, पोर अजून वर्षाची नव्हती, घरी सासूबाई होत्या. सासूबाईंवर अविश्वास मुळीच नव्हता. अविश्वास होता तो खिडकीवर, विजेच्या बटणांवर, घशात अडकू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूवर, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या नशिबावर.

सासूबाई खोलीत आल्या की मोबाइल सांगे, 'कोणीतरी आहे.' छकुली एकटी लोळत असली की नुसतं, 'हालचाल.' म्हणजे लेक अजून माणसांत जमा नव्हतीच. हे तिला लागलं. का लागलं, तेही तिला चांगलं ठाऊक होतं.

पोटात आधी दोन जीव होते. कायद्याने सांगायचं नसतं, तरी दोन्ही मुली असल्याचं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निसटलं, तेव्हा सासूबाईंनी गालावर हात ठेवून म्हटलं होतं, "अगंबाई, दोघी!" इंग्रजीत खुर्च्या असोत की मुली, मोजायला शब्द एकच. मराठीत खुर्च्या दोन असतात आणि मुली दोघी. दोघी म्हटलं की ती माणसंच. मग पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत सहकाऱ्याला हळूच म्हणाल्या, "शी इज फाइन. इट हॅज स्टॉप्ड." एक 'शी' उरली आणि एकीचं 'इट' झालं. टेबलावर उताणी पडल्या पडल्या तिला ते व्याकरण कळलं. बातमी नंतर कळली.

मराठीत बाळ 'ते'च असतं, हे तिने स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण आपल्या 'ते'ला बसायला कुणाची तरी मांडी असते. ते बघ कसं हसतंय, ते बघ कसं बघतंय. 'इट'ला मांडी नव्हती. त्या दिवसापासून घरात 'दोघी' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

त्या दुपारी ऑफिसात मोबाइल थरथरला. तिचीच अक्षरं, तिचाच अनुस्वार.

'खोलीत माणसं आहेत.'

तिने कॅमेऱ्याचं मुकं चित्र उघडलं. छकुली खाटेत बसलेली, कुणी उचलून घ्यावं म्हणून हात वर केलेली, खदखदून हसत. खाट, खुर्ची, पडदा. दुसरं कुणी नाही. दारामागचा कोपरा तेवढा कॅमेऱ्यात येत नसे.

तिने घरी फोन लावला. "आई, कोण आलंय?"

"कोण यायचंय? तू गेलीस तेव्हापासून दाराची बेलसुद्धा वाजलेली नाही."

"मग छकुली?"

"मजेत आहेत दोघी. ठेव गं, दूध उतू जातंय."

फोन बंद. ती मोबाइलकडे बघत राहिली. आहोत म्हणाल्या असतील. मजेत आहोत दोघी, म्हणजे छकुली आणि मी. एका अक्षराचा तर फरक. पण लोकांचं एकेक अक्षर पकडण्याचा पगार घेणाऱ्या बाईने स्वतःच्या कानाला काय सांगायचं?

"काय झालं? भूत बघितल्यासारखी काय बसलीस?" चष्मिसने विचारलं.

तिने मोबाइल पुढे केला. त्याने चष्मा वर सरकवला. "अगं, साधं आहे. आडवं माणूस या यंत्राला माणूस वाटतच नाही. पोरगी पहिल्यांदा उभी राहिली असणार. ती एक, दारामागे सरकलेल्या सासूबाई दुसऱ्या. झाली माणसं! पेढे आण... बरं, चहा तरी पाज."

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले म्हणून ती हसली.

"आणि खोटी सूचना असेल तर खाली विचारतंय बघ, 'खोलीत माणसं होती का?' तूच लिहिलंयस. 'नाही' दाबून टाक. शिकतं ते. मग तसलं काही दिसलं तरी पुन्हा सांगणार नाही."

घरी जाताना बसमध्ये तिने आनंदाने खिडकीला डोकं टेकवलं, आणि तेव्हा तिला दूध आठवलं. दूध स्वयंपाकघरात होतं. सासूबाई दुधापाशी होत्या.

दार उघडलं तेच सासूबाईंच्या आरडाओरड्याने. "अगं, तुझी लेक उभी राहिली आज! दारातून दिसली, मी जवळ येईपर्यंत बसलीसुद्धा. कठडा अजून खाली-वर हलत होता."

"म्हणजे तुम्ही खोलीत नव्हता."

"गॅस सोडून कशी जाणार? हसण्याचा आवाज आला, मग तुझा फोन, मग धावले."

तिने पर्स खाली ठेवली. "आई, फोनवर तुम्ही काय म्हणालात? दोघी मजेत आहोत की आहेत?"

"काय गं, शाळा घेतेस का माझी?"

"सांगा ना."

सासूबाईंनी पदराने हात पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. "आहेत म्हणाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सवय झालीय तोंडाला. तू गेलीस की मी दोघींशी बोलते. एकीला अंगाई म्हणायची आणि दुसरीला काय सांगायचं, तू ऐकू नकोस? तुझ्यासमोर नाही बोलत. तुला सोसायचं नाही."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. इतके महिने आपण कॅमेऱ्यात डोळ्यांत तेल घालून बघत होतो, आणि या बाईचे नुसते ओठ हलताना दिसले की वाटायचं, आई गाणं म्हणतायत.

ती खोलीत गेली. छकुली कठड्याला धरून उभी होती. आईकडे बघून हसली, मग मान वळवून दारामागच्या कोपऱ्याकडे बघून हसली. तशीच, तेवढंच.

मोबाइल हातात होता. दुपारचा प्रश्न अजून तिथेच थांबलेला. 'खोलीत माणसं होती का?' खाली दोन शब्द, हो आणि नाही. चष्मिसचं बरोबर होतं. एकदा 'नाही' दाबलं की यंत्र शिकणार, काही दिसलं तरी गप्प बसणार, आणि दुपारी ऑफिसात तिचे हातपाय गार पडणार नाहीत. लेक सुरक्षित आहे, हेच तर तिला हवं होतं.

पण 'नाही' म्हणजे तेच. इट हॅज स्टॉप्ड. या वेळी मराठीत, आणि आईच्या बोटाने.

मागे दारात सासूबाई उभ्या होत्या.

तिने 'हो' दाबलं.

पडद्यावर तिचंच वाक्य उमटलं. लिहिताना तिने चष्मिसशी भांडून त्यात आदरार्थी शब्द घातला होता. 'धन्यवाद. यापुढे आम्ही त्यांना ओळखू.'

कोपऱ्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. ती खाटेजवळ बसली, आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, या ना आत. दोघींना भूक लागली असेल."