खिडकीतला डोळा

मी एक जुना पडदा आहे, फिरत्या तंबूतल्या सिनेमाचा. मित्रांनो, मला उजेडासमोर धरलेत तर मधोमध एक ठिगळ दिसेल. त्याचीच ही हकीकत.

सोलापुरात रत्नम्माच्या हातमागावर मी विणला गेलो. नेसायचे नाही, पांघरायचे नाही, मग एवढे कापड कशाला, याचे तिला नवल वाटे. पुढे माझ्यावर पहिल्यांदा उजेड पडला आणि आख्खा समुद्र अंगावर आला. ते आठवले की अजून धागा न् धागा शहारतो.

त्या काळी पुरुष माझ्यापुढे बसत आणि बाया मागे. मागूनही चित्र दिसावे म्हणून मला ओले ठेवावे लागे. ते काम गुरुलिंगचे. माणूस ताडासारखा उंच. गिरणीत वाफेने त्याचा अर्धा चेहरा भाजला होता. पिचकारी घेऊन तो मागे आला की बाया तोंडावर पदर ओढत, पोरांना कुशीत घेत. कुंभारीला तंबू लागला तेव्हा मालक सिद्धलिंगप्पांनी त्याला सांगितले, बाया बुजतात, उद्यापासून येऊ नकोस. गुरुलिंगने बादली उचलली आणि तो पाणी भरायला गेला. तसा चेहरा घेऊन दुसरे काम कुठे मिळणार होते?

त्या दिवशी एक विलायती मूकपट होता. एका शास्त्रज्ञाच्या औषधाने त्याचा नोकर वाढत वाढत देवळाएवढा होतो. यज्ञेश्वरमास्तर पुढे उभे राहून गोष्ट समजावून सांगत. राक्षस आला, असे ते म्हणाले आणि पुरुषांत गलका उठला. त्या गलक्यात मास्तरांचे शब्द मागे पोचेनात. बायांना फक्त तो दिसत होता. एवढा मोठा जीव गुडघे टेकून, आपल्याच घराच्या खिडकीला डोळा लावून आत बघत होता. तो डोळा माझ्या अंगावर गाडीच्या चाकाएवढा झाला. त्यात पाणी होते. मागची बाजू श्वास रोखून बसली.

पुढून मात्र ढेकळे आली. तंबू नांगरटीत होता, ढेकळे हाताशीच. एक माझ्यातून आरपार गेले. तेव्हा गुरुलिंग पुढे धावला आणि हात पसरून माझ्यासमोर उभा राहिला. ढेकळे त्याच्या छातीवर फुटू लागली. त्याची सावली माझ्यावर पडली. मागे बायांना त्या ओल्या डोळ्यात एक उंच माणूस उभा दिसला. त्यांनी त्याला ओळखले.

फुलाबाई उठली. गुरुलिंग आला की सगळ्यांत आधी पोरे झाकायची ती हीच. ती पुढे आली.

"नका रं मारू," ती म्हणाली. "त्यो खायाला न्हाय आला. सवताचं घर बघतोय."

बोलली ती चित्रातल्याविषयी. उभी राहिली ती गुरुलिंगच्या शेजारी.

मालक धावत आले. बायांना भीती वाटते म्हणूनच तर याला काढतोय, असे सांगू लागले.

"भ्या तर लई वाटतंय, अप्पा," फुलाबाई म्हणाली. "पर ढेकळं कुणी मारली?"

पुरुष खाली बघू लागले. मालकही. गुरुलिंगचे काम टिकले.

दुसऱ्या दिवशी फुलाबाईने जुन्या लुगड्याचा तुकडा आणून मला ठिगळ लावले. गुरुलिंगने मला ताणून धरले होते. तेवढ्यात तिच्या धाकट्या लेकीने त्याची पिचकारी पळवली आणि त्यालाच भिजवले.

आता माझ्याखाली ज्वारीची पोती झाकतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. जुने कापडही जपून वापरावे. पण मित्रांनो, कुणी राक्षस आला म्हणून सांगितले, तर ढेकूळ उचलण्याआधी क्षणभर पडद्यामागे येऊन बसा. तिथून डोळे नीट दिसतात.