हाडांचं सूप आणि भोंग्याची चहाडी

आई बस डेपोत वेळापत्रकं आखायची. त्यामुळे पोरांची आतडी दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा तिने तेही वेळापत्रकानेच करायला घेतलं. वाचा-उपचारांच्या वेटिंग रूममध्ये दुसऱ्या एका मुलाच्या आईने तिच्या हातात चार पानी यादी ठेवली होती. धान्य बंद, दूध बंद, साखर बंद, बटाटा बंद. तीस दिवस हाडांचं सूप आणि उकडलेल्या भाज्या. "आमच्या घरी जादू झाली हो," असं त्या बाई म्हणाल्या. आईला जादू नको होती. मधल्या मुलाचं, भोंग्याचं, पोट रोजच्या रोज साफ झालं असतं तरी तिचा जीव भांड्यात पडला असता.

भोंगा नऊ वर्षांचा. तोंडाने बोलत नसे, पण खुशीत आला की असा हुंकार काढायचा की वरच्या मजल्यावरची कपबशी थरथरावी. बोलायचं काम त्याचा टॅब करायचा. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई शांतपणे तो शब्द उच्चारायची. भोंगा एका वेळी एकच शब्द दाबायचा आणि जगात तीनच गोष्टी खायचा: पाव, बटाटा, बिस्किटं. तिन्ही यादीत पहिल्याच पानावर, लाल अक्षरांत.

सोमवारी सकाळी सूप टेबलावर आलं. बाराएक तास उकळल्यामुळे घराच्या सगळ्या काचा धुरकटल्या होत्या आणि पडद्यांना ओल्या मोज्यांसारखा वास येत होता.

"नियम चौदा," ताई म्हणाली. ताई बारा वर्षांची, ऑटिस्टिक, आणि लिहिलेल्या शब्दाला जिवापाड जपणारी. चारही पानं तिला पाठ होती. "प्रत्येक घास तीस वेळा चावा."

"अगं, सूप कसं चावणार?" बाबांनी विचारलं.

"यादीत सूप सोडून असं लिहिलेलं नाही."

मग बाबा सूप चावत बसले. ताई मोठ्याने मोजत होती. सतराव्याला बाबांना हसू फुटलं, सूप नाकातून बाहेर आलं आणि ताईने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

पाच वर्षांच्या चिमणीला मात्र सूप भलतंच आवडलं. डाउन सिंड्रोम असलेली ही गोल चेहऱ्याची मुलगी आपला वाडगा संपवून बाबांच्या वाडग्यापाशी गेली, मग आईच्या, आणि शेवटी तिने पातेल्यालाच मिठी मारली.

भोंग्याने टॅब ओढला. "पाव," बाई म्हणाली.

"पाव नाही रे राजा."

"पाव. पाव. पाव." बाईचा आवाज जराही चढला नाही. चाळिसाव्या पावाला आईने कपाळाला हात लावला.

मंगळवारी ताईने टूथपेस्टमध्ये गोडवा शोधून काढला आणि ट्यूब कचऱ्यात टाकली. भोंग्याने दिवसभरात दोन गाजरं खाल्ली, तीही वैर असल्यासारखी. आपण चुकतोय की काय, हा विचार आईने वेळापत्रकात कुठेच धरला नव्हता.

बुधवारी दुपारी बाबा म्हणाले, "गाडीतून पाना घेऊन येतो." बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे पान्यांची त्यांना कायम गरज. पण त्या दिवशीचा हा चौथा पाना होता. भोंगा खिडकीला नाक लावून उभा राहिला. बाबा परतले तसा तो टॅबपाशी आला.

"बाबा," बाई म्हणाली. "गाडी. पाव."

आईच्या हातातला डाव खाली पडला. तीन शब्द! एकापाठोपाठ! "अहो, ऐकलंत? तो... तो वाक्य बोलला!" ती रडायलाच लागली. मग तिला वाक्याचा अर्थ लागला. तिने वळून बाबांच्या मिशीकडे पाहिलं. मिशीत चुरा होता.

"ते... म्हणजे... त्याचं असं झालं..." बाबा त त प प करू लागले.

आई तरातरा खाली गेली. मागोमाग सगळं घर. गाडीतल्या अवजारांच्या पेटीत पान्यांच्या मधोमध अर्धा पाव आणि लोण्याचा डबा.

"ते ग्रीस आहे," बाबा म्हणाले.

"लोण्यावर लिफ्ट चालते?" आईने डोळे वटारले. मग तिने पावाचा मोठा लचका तोडला, मागच्या सीटवर बसली आणि डोळे मिटून चावत राहिली. तीन दिवस तीही उपाशीच होती.

भोंग्याला त्याचा तुकडा मिळाला. गाडीच्या काचा हुंकाराने थरथरल्या. "आणखी. पाव," बाई म्हणाली.

ताई गाडीच्या दाराबाहेर ताठ उभी होती. "यादीत लिहिलंय, घरात धान्य ठेवू नये," ती विचार करून म्हणाली. "गाडी घर नाही." आणि ती आत चढली.

दुसऱ्या दिवशी आईने डॉक्टरांना सगळं खरंखरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तो जे खातो ते काढू नका. पाणी वाढवा, शेजारी एकेक नवीन वस्तू ठेवा आणि औषध मी देतो." महिन्याभरात भोंग्याचं पोट बऱ्यापैकी रुळावर आलं. वाचा-उपचारवाल्या बाई तर तीन शब्द ऐकून खुर्चीतून उठल्याच. "कशामुळे झालं हो हे?" त्यांनी विचारलं. "रागामुळे," आई म्हणाली.

एव्हाना भोंग्याला चहाडीची गोडी लागली होती. "आई. फोन. लपव." "ताई. चिमणी. ढकल." घरात कुणाचंच काही लपेना.

"या पोरापायी मला माझ्याच घरात राहणं मुश्किल झालंय," बाबा भेटेल त्या माणसाला सांगत सुटायचे. लिफ्टमध्ये अडकलेल्यांनासुद्धा सुटका व्हायच्या आधी हे ऐकावं लागायचं.