सोपा प्रश्न

"आणि मग त्या पतंगांचं पुढे काय झालं?" एस्कोने विचारलं.

किर्सीने कपाळावर हात मारून घेतला. वाचनालयातल्या दोघा-तिघांनी माना वळवून पाहिलं. आमच्या ह्या उत्तरेकडच्या औलू गावात कुणी कपाळावर हात मारला तरी चार टेबलांपर्यंत ऐकू जातं.

"खड्ड्यात गेले ते पतंग!" ती दबक्या आवाजात खेकसली. "तुला वाक्य दुरुस्त करायचंय, पतंगांची विचारपूस करायची नाहीये. कर्ता कुठाय? क्रियापद कुठाय? मधली झाडी तोड आणि बघ."

"पण गिरणीच्या धुराने त्यांचे पंख काळे पडले म्हणतात आणि तिथेच वाक्य संपवतात. हा काय चावटपणा झाला?"

"एस्को. पर्याय."

एस्कोने चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळले. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं आणि रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे माणसाने नुसतं तग धरून राहायचं. त्यात ह्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इंग्रजी वाक्यं दुरुस्त करायला बसवलेलं.

एक लांबलचक वाक्य, त्यातल्या एका तुकड्याखाली रेघ आणि खाली पाच पर्याय. पहिला म्हणजे आहे तसंच ठेवा, बाकीचे चार त्याचेच चुलतभाऊ. पाचही दिसायला सज्जन. एक निवडावा तर तोच नेमका चोर निघायचा. गणिताचा भाग एस्को झोपेतही करत होता, जन्मभर यंत्रांशीच तर खेळला होता तो. पण ही वाक्यं त्याच्या जिवावर उठली होती. मे महिन्यापासून तो ती सोडवत होता आणि आता त्याला खाण्याच्या डब्यावरची सूचनासुद्धा चुकीची वाटायला लागली होती.

एवढा आटापिटा कशासाठी, तर नोकरीसाठी. कागद गिरण्यांची नियंत्रण यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने औलूतला जुन्या यंत्रांचा विभाग बंद केला, त्यात एस्को गेला. रोजगार कचेरीने त्याला अर्ज कसा लिहावा ह्याच्या वर्गाला धाडलं, तेही दोनदा. शेवटी हेलसिंकीच्या एका विद्यापीठाने अशा कामावरून काढलेल्या लोकांसाठी व्यवस्थापनाच्या पदवीच्या काही जागा ठेवल्या, फी माफ. अट एकच, संगणकावर द्यायच्या ह्या प्रवेशपरीक्षेचे गुण महिनाअखेरपर्यंत पोचले पाहिजेत. एकदा दिली की महिनाभर पुन्हा देता येत नाही. म्हणजे संधी एकच. ही हुकली तर पुढे काय, ह्याचा विचार एस्को करत नव्हता, कारण पुढे काहीच नव्हतं.

आणि शिकवणारी कोण, तर किर्सी. त्याच्याहून वयाने लहान, आणि कंपनीत त्याची साहेब. एस्कोचा विभाग बंद झाला, सहा महिन्यांनी तिचीही खुर्ची गेली. तिने हीच परीक्षा दिली, त्याच विद्यापीठात शिरली आणि आता शनिवार-रविवार हेलसिंकीला जाते. एके दिवशी दुकानात पावाच्या फळीपाशी एस्को भेटला तर म्हणाली, "तू पण दे. मी शिकवीन." तो हो म्हणाला, पण मनातली अढी काही गेली नाही.

अढी जुनी होती. विभाग बंद व्हायच्या आधीच्या वर्षी किर्सीने त्याच्याकडची अवघड कामं काढून घेतली होती. नवीन यंत्राचा आराखडा दुसऱ्याला दिला आणि एस्कोला बसवलं जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका सुधारायला. शेंबडं पोर करील असं काम. आणि हा खुळा खूश! दोन वाजता काम उरकायचं की चालला घरी. वर्षभराने मोठ्या खोलीत बोलावलं, कॉफी दिली आणि जुन्या यंत्रांचा विभागच बंद झाल्याचं सांगितलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाला घालवायचं ठरलं की आधी त्याला सोपं काम देतात. आपल्याला ते वेळेवर कळलं नाही, ह्याचीच त्याला जास्त लाज वाटत राहिली. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे बोलून दाखवायची पद्धत नाही, आत ठेवून कुजवायची आहे.

घरी त्याची बायको राइली स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची परीक्षा घ्यायची. तिचे केस आता कानापर्यंत वाढले होते. आजारपणात सगळे गेले होते, आले ते पांढरे आणि कुरळे आले. इंग्रजी तिला बेताचंच यायचं, पण उत्तरांची पानं तिच्या हातात असायची.

"चूक," ती म्हणायची. "पुन्हा चूक. अरे, पाच-पाच पर्याय आहेत तुला! लग्नाच्या वेळी मला एकच होता, तरी मी कुरकुरले का?"

"कुरकुरली होतीस."

"ती तुझ्या कोटावरून."

एस्कोला हसू यायचं, पण लगेच जांभई यायची. राइली दिवा मालवायची आणि म्हणायची, "बास झालं म्हातारबा, उद्या दुरुस्त कर जगाची वाक्यं."

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्याने कुठूनसं वाचून आणलं. "किर्सी, परीक्षेचं ते यंत्र म्हणे आपल्याला जोखत असतं. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. म्हणजे सोपा प्रश्न आला की आपण घसरलो."

"असलं वाचू नकोस. मध्ये मध्ये बिनगुणांचे प्रश्न पेरलेले असतात, नुसती चाचपणी म्हणून. ते सोपे असतील, अवघड असतील. आणि सोपा कुठला, हे दमलेल्या माणसाला तिथे बसून कळत नाही. आला प्रश्न, दिलं उत्तर, पुढे."

"हूं."

"आणि अजून एक. सगळं संपलं की गुण दाखवायच्या आधी यंत्र विचारतं, गुण ठेवायचे की रद्द करायचे. डोळे मिटून 'ठेवा' दाब. समजलं? काही झालं तरी."

"रद्द कोण कशाला करील?"

"घाबरट लोक करतात," किर्सी म्हणाली. "कमी पडले तर विद्यापीठाला कळेल, लाज जाईल म्हणून. एकदा रद्द केले की किती होते ते आपल्यालाही कधी कळत नाही."

परीक्षेच्या दिवशी ती त्याच्याबरोबर हेलसिंकीपर्यंत आली, तिचे तास होते. स्टेशनातल्या कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरवून ती आपल्या वाटेने गेली.

परीक्षेच्या जागी त्याचे खिसे उलटे करून पाहिले. चष्मा पाहिला, तळहाताची खूण घेतली, नाक पुसायचा रुमालसुद्धा विचारून घ्यावा लागला. पुसता येणारी पिवळी पाटी आणि एक पेन हातात देऊन त्याला एका खोपटात बसवलं. आजूबाजूला त्याच्या मुलाच्या वयाची पोरं, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवून बसलेली. निबंध झाला. गणित झालं, झकास झालं. इंग्रजी आलं तोपर्यंत एस्कोची पाठ धरली होती आणि डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती.

तरी तो लढला. ब्राझीलच्या कॉफीवरचा कर आला, त्याने मधली झाडी तोडली. समुद्राच्या तळाशी सापडलेली मडकी आली. ती कुणाची, हे विचारायचं त्याने कष्टाने टाळलं. वाक्यं लांबत चालली, पर्याय एकमेकांत मिसळायला लागले, आणि त्याला कुठेतरी बरं वाटत होतं. अवघड येतंय. म्हणजे यंत्र आपल्याला मानतंय.

आणि मग ते वाक्य आलं. एका गावातल्या पुलाबद्दलचं, जेमतेम दीड ओळीचं. उत्तर समोर बसलेलं, पोरसवदा, हसतमुख. एस्कोने ते पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचलं. काहीतरी खोच असणारच म्हणून पर्याय उलटेपालटे करून पाहिले. खोच नव्हती. त्याने उत्तर दाबलं. पुढचंही तसलंच आलं.

तीच दुपार त्याला आठवली, त्या माहितीपुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर आलेला आणि तो स्वतः खुशीने शीळ घालत कोट चढवणारा. तेव्हा कळलं नव्हतं. आता कळत होतं. किर्सीने चाचपणीच्या प्रश्नांचं सांगितलं होतं, तेही त्याला आठवलं. पण ती असंच सांगणार. तेव्हाही ती म्हणाली होती, "थोडे दिवस जरा हलकं काम कर, एस्को."

पुढचे प्रश्न त्याने सोडवले, सगळे सोडवले. काय सोडवलं ते मात्र त्याला धड आठवत नव्हतं. शेवटी पडदा कोरा झाला आणि प्रश्न आला. गुण ठेवायचे की रद्द करायचे? कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं.

ठेवले आणि कमी निघाले तर ते विद्यापीठात जातील. तिथे माणसं बसून त्याचं नाव वाचतील, मान हलवतील, किर्सीलाही कळेल. पुन्हा एकदा खोलीत बोलावणं, पुन्हा एकदा ती कॉफी. नको. ह्या वेळी त्यांनी काढायच्या आधी आपण उठायचं. एस्को थकला होता हो, फार थकला होता. वर्ष-दीड वर्षाचा थकवा त्याच्या त्या एका बोटात उतरला आणि त्याने 'रद्द' दाबलं.

स्टेशनातल्या दुकानात किर्सी वेलदोड्याचे दोन पाव आणि दोन कॉफ्या घेऊन बसली होती. त्याला पाहून अर्धी उठलीच.

"किती?"

"रद्द केले."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा नीट पाहिला आणि खाली बसली. "का? अरे, का? मी सांगून सांगून थकले होते ना तुला!"

"सोपे प्रश्न आले. दोन. लागोपाठ."

"मग आले तर आले! ते बिनगुणांचेही असतील! मला तीन आले होते, आणि माझे गुण तुला माहीत आहेत. एस्को, तुझे चांगले असणार होते रे. आता कधीच कळायचं नाही. गाढव आहेस तू!"

"असेन," एस्को म्हणाला. आणि मग आत कुजत ठेवलेलं बाहेर आलंच. "पण सोपं काम कुणाला देतात ते मला माहीत आहे. तूच शिकवलंस. एकदा गाफील राहिलो, दुसऱ्यांदा नाही राहायचं ठरवलं होतं."

"मी कधी शिकवलं?"

"माहितीपुस्तिका."

किर्सी पावावरची साखर बोटाने टिपत राहिली. दुकानातल्या बाईने येऊन कॉफी हवी का विचारलं, तिने मानेनेच नको म्हटलं.

"तुला वाटतं मी तुला घालवायला ते काम दिलं?"

"नाही तर कशाला?"

"राइलीचे उपचार चालू होते," किर्सी म्हणाली. "तू दिवसभर आराखड्यापुढे बसायचास आणि एक रेघ ओढायचास. दुपारी दवाखान्यात फोन करायला जिन्यात जायचास, तेही चोरून, सुटी मागायची नाही म्हणून. मी तुला असं काम दिलं की दोन वाजता संपेल. वर सांगितलं की एस्कोच लागतो त्याला, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. विभाग बंद होणार हे मला ठाऊक नव्हतं. आईशप्पथ नव्हतं. तुला काढायच्या यादीत मी घातलं नाही, पण ज्या खोलीत बसवलं त्या खोलीलाच कुलूप लागलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. म्हणून म्हटलं, ही एक परीक्षा तरी..."

तिचा आवाज फाटला. किर्सीचा असा आवाज एस्कोने कधी ऐकला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

एस्कोने विचार केला. खरंखुरं उत्तर द्यायचं म्हणून नीट विचार केला. "नसतं घेतलं," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. राइली होती. तिच्या मागे पातेल्यावर झाकण खडखडत होतं.

"काय म्हातारबा, झालास का पास?"

"नाही. मीच गुण रद्द केले."

ती म्हणाली, "असा कसा रे तू!" आणि तिने नाक ओढलं. तिलाही ती जागा हवी होती, त्याच्यासाठी हवी होती. "बरं. घरी ये. मासळीचं सूप केलंय."

"राइली, तू आजारी होतीस तेव्हा मी दुपारचा घरी यायचो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? खुर्चीत बसून घोरायचास. तुझं घोरणं सुरू झालं की मग मला झोप लागायची, तोवर नुसती छताकडे बघत पडलेली असायची मी. तेवढ्यावरच निघालं ते वर्ष. का रे?"

एस्कोने समोर पाहिलं. किर्सी मान खाली घालून थंड झालेली कॉफी ढवळत होती.

"त्या सगळ्या दुपारी मला किर्सीनेच दिल्या होत्या," तो म्हणाला.

पलीकडे झाकणाचा आवाज थांबला. "आणि हे तू मला आज सांगतोस?"

"मलाही आजच कळलं," एस्को म्हणाला, आणि आपल्या बशीतला पाव त्याने किर्सीपुढे सरकवला.