ठकीनं उपसलेलं हिरवं पाणी

मी झरा बोलतोय. बोलणं हा माझा जुनाच धंदा. पूर्वी खळखळून बोलायचो, आता कोरड्या घशानं बोलतोय, एवढाच फरक.

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी माझं डबकं आहे. वरच्या माळावरचा पाऊस कातळाच्या भेगांतून माझ्यापर्यंत उतरायचा. शेजारच्या पाड्याला वाटे, मी डोंगराच्या पोटातच जन्मतो. ते ऐकून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

पाड्यावरच्या ठकीनं मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. पान पडलं, शेवाळ धरलं, की ही पदर खोचून डबकं उपसायला हजर. "पानी आजारी तर मानूस आजारी," म्हणायची.

पासष्ट सालच्या सुमाराला तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं. रस्त्यांना खडी हवी होती आणि एका ठेकेदाराचा डोळा माझ्या माळावर होता. माळ फोडला तर खालचं पाणी जाईल का, हे पाहायला रामनाथ नावाचे भूगर्भाचे जाणकार आले. भला माणूस. त्यांनी माझ्या काठी वाळूचा छोटा डोंगर रचला, वरून पाणी ओतलं, ते पायथ्याशी कधी झिरपतं ते पाहिलं आणि माळावरून माझ्यापर्यंत यायला काही आठवडे लागतील, असा हिशेब मांडला. मग माळावरच्या खड्ड्यात हिरवा रंग ओतला. "हा रंग झऱ्यात उतरला, की माळाला कुणाला हात लावू देणार नाही. दिवाळी झाली की बघायला येतो," असं पुरुषांना सांगून गेले. बायका भातकापणीला गेल्या होत्या. पुरुषांना तो सायबाचा खेळ वाटला. घरी कुणी विषयच काढला नाही.

वाळूचा हिशेब वाळूपुरता खरा. मी भेगांतून धावत येणारा! दुसऱ्याच पहाटे हिरवागार झालो. वाचलो रे वाचलो, असं झालं मला.

तेवढ्यात ठकी आली. तिची लेक सोमी त्याच दिवशी पहिल्या बाळंतपणाला यायची होती.

"अगं बाय, याला काय झालं? माझ्या सोमीला असलं पानी पाजू?"

तिनं कुणाला हाक मारली नाही. पाड्यात कळलं तर माझं नाव खराब होईल, ही तिला धास्ती. हंडा बुडवून ती उपसत राहिली. मी हिरवा येत राहिलो, ती उपसत राहिली. थांब गं, म्हणून मी जीव तोडून ओरडलो, पण तिला ती नेहमीचीच खळखळ वाटली. मी नितळ झालो तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते.

दिवाळीनंतर रामनाथ आले.

"ताई, पाणी कधी हिरवट दिसलं का?"

ठकीला वाटलं, सायब पाण्यात खोट काढतोय. "नाय सायब! आमचं पानी कायम नितळ हाय."

पुरुषांनीही मान डोलावली. माळाचा नि माझा संबंध नाही, असं ठरलं.

मग सुरुंग लागले. पुढच्या उन्हाळ्यात मी आटलो. पाडा उठला, कुणी सालवडला गेलं, कुणी वैतरणेकडे. सोमी बाळाला घेऊन माहेरी यायची थांबली. तान्ह्या पोरीला पाणी कुठून आणणार?

ठकी मात्र गेली नाही. अजून येते, कोरड्या डबक्यातली पानं वेचते, काठावर बसते.

"रुसलास का रं? माझं काय चुकलं?"

काही चुकलं नाही गं बाई तुझं. माझा जीव तुटतो, पण बोलायला पाणी कुठाय?

तुम्ही ऐकताय, म्हणून एकच विनवणी. त्या वाटेनं गेलात तर ठकीला प्यायला पाणी द्या. आणि तो हिरवा रंग कशाचा होता, ते तिला सांगू नका.